पुंगळी कुठे फाटली, ते आधी बघा : रायफलची काडतुसं पुन्हा भरायला शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत रायफल रेंजवर रुळलेली आपली बरीच मंडळी आता स्वतःची काडतुसं स्वतः भरायला लागली आहेत. प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, कोणता घ्यावा, तराजू कोणता घ्यावा, यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. पण झाडलेल्या पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यावर, चीर दिसली की काय समजायचं, हे विचारून बघा. एक म्हणतो पावडर जास्त झाली, दुसरा रायफलला नावं ठेवतो, तिसरा कंपनीला. चीर नेमकी कुठे आहे आणि ती उभी आहे की आडवी, एवढं नीट पाहिलं तरी निम्मं निदान तिथेच होतं. बाकीच्या निम्म्यासाठी हा लेख.

मी उदाहरणं मुख्यतः .३०८ विंचेस्टर हे काडतूस आणि बोल्ट रायफल (जिचा बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, दर वेळी हाताने मागेपुढे करावा लागतो) धरून देतो आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पावडर किती भरायची याचे आकडे इथे मिळणार नाहीत. ते छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचे, कुणाच्या तोंडी सांगण्यावरून नाही.

१. आधी कायदा, मग प्रेस

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण आपल्या लोकांना हीच जास्त लागू होते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा अस्थलांतरित व्हिसावर असाल, तर काही ठरावीक अपवाद वगळता (उदाहरणार्थ, वैध शिकारीचा परवाना) फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही, आणि दारूगोळाही नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसत्या पुंगळ्या, प्रायमर (तळात बसणारी, पावडर पेटवणारी टोपी), बुलेट आणि पावडर हेही येतं. म्हणजे ‘बंदूक मित्राची आहे, मी फक्त काडतुसं भरतो’ ही पळवाट नाही. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, मात्र राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या. स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायची म्हटली की लागतो.

आणि भारतात जाताना आठवण म्हणून रिकामी पुंगळी बॅगेत टाकू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोजले आहेत. विमानतळावर ती सापडली तर पुढचे तास कसे जातील ते सांगायला नको. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं किंवा भरणं हा गुन्हाच आहे, तेव्हा हा लेख वाचून तिकडच्या भावाला उत्साहाने साहित्य पाठवू नका.

२. हाताशी काय हवं

- सेफ्टी चष्मा. रेंजवरही आणि प्रेसवरही.
- डायल किंवा डिजिटल कॅलिपर, आणि त्याला लावायचा हेडस्पेस कम्पॅरेटर. चेंबर म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, आणि हेडस्पेस म्हणजे बोल्टपासून काडतूस त्या चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर. खालची सहावी पायरी त्याच्याशिवाय अंदाजपंचे होते.
- चांगला प्रकाश आणि भिंग.
- कागदाची जाड क्लिप सरळ करून टोकाशी काटकोनात वाकवलेली तार. टोक कानशीने अणकुचीदार करून घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार हेच.
- प्रायमर काढायची डाय (प्रेसमध्ये बसणारा साचा), झाडून फुगलेली पुंगळी आवळून मापात आणणारी पूर्ण आकाराची सायझिंग डाय, लांबी कापायचा ट्रिमर, तोंडाच्या कडा मोडायचं हत्यार.
- बारीक दात्यांची करवत. कशाला, ते पुढे येईल.
- वही.

३. पुंगळ्या वेगळ्या करा, मग धुवा

निदान करायचं तर पुंगळीचा इतिहास माहीत हवा. एकाच खोक्यातल्या, एकाच रायफलमध्ये झाडलेल्या आणि तितक्याच वेळा भरलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवायच्या. रेंजवर जमिनीवरून वेचलेल्या पुंगळ्यांची आई-बाप कुणालाच माहीत नसतात. त्या फुकट मिळतात म्हणून हात शिवशिवतो, पण नवख्याने त्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वेचल्याच असतील तर आधी चुंबक लावा, चिकटली तर पोलादी आहे, बाजूला. मग आत उजेड टाकून तळाकडे बघा. मधोमध एकच छिद्र हवं. बाजूबाजूला दोन बारीक छिद्रं दिसली तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी. तिच्यात डायची पिन घातलीत तर पिन मोडेल. तळावर वर्तुळातलं अधिक चिन्ह असेल तर माल नाटोचा. अशा लष्करी पुंगळ्यांच्या भिंती बऱ्याचदा जाड असतात, आत जागा कमी उरते आणि तेवढ्याच पावडरीत दाब वाढतो.

धुण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो : अमोनिया असलेलं कुठलंही पितळ-पॉलिश पुंगळीला लावायचं नाही. याचा धडा आपल्याच मातीत मिळालेला आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या साठ्यांत पावसाळ्यात न झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते होत होतं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. पुंगळीचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. अमोनिया त्याला आजही तसाच तडकवतो.

चिंच-लिंबाने भांडी घासणाऱ्या घरातून आलेल्यांना आम्लाची भीती वाटत नाही. सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी थोडा वेळ चालतंही. पण कडक द्रावणात पुंगळ्या विसरलात तर जस्त निघून जातं आणि रंग गुलाबीसर पडतो. गुलाबी पुंगळी भंगारात. आणि हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या कोरड्या टम्बलरची धूळ तर आणखी वाईट. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात नाही.

४. मानेवरची उभी भेग

पुंगळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग म्हणजे मान, तिच्याखालचा उतार म्हणजे खांदा, मग धड, आणि प्रायमर बसतो तो तळ. तोंडापासून खाली उतरणारी बारीक उभी चीर हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी दोष. झाडताना मान फुगते, डाय ती आवळते, डायमधला गोळा, म्हणजे एक्स्पांडर, ती पुन्हा उघडतो. प्रत्येक फेरीत पितळ कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. जुनी काडतुसं नुसती खोक्यात पडून असतानाही मानेवर चिरू शकतात, म्हणून झाडायच्या आधीही एक नजर टाकावी.

एखादीच चिरली असेल तर ती फेका आणि पुढे चला. त्याच गठ्ठ्यातल्या तीन-चार चिरल्या, तर बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत असं समजा. तेव्हा दोनच मार्ग : पूर्ण गठ्ठा बाद करा, किंवा उरलेल्यांच्या माना तापवून मऊ करा, म्हणजे ॲनिलिंग.

ॲनिलिंगची मेख अशी की मान आणि खांदा मऊ व्हायला हवेत आणि तळ कडकच राहायला हवा. .३०८ला दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पाउंड प्रति चौरस इंच आहे. तो भार झेलणारा तळ मऊ पडला तर गरम वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून प्रायमर आधी काढलेला असला पाहिजे, आणि ज्वाळा फक्त मान-खांद्यावर, पुंगळी सतत फिरती ठेवून, मोजके सेकंद. तापमान कळण्यासाठी ठरावीक अंशांना वितळणारा रंग मिळतो. ७५० फॅरनहाइटचा मानेच्या आतून आणि ४५०चा खांद्याच्या खाली बाहेरून लावा. पहिला वितळावा, दुसरा वितळू नये. लालभडक करायचं नाही. ओव्हनमध्ये एकदम पन्नास पुंगळ्या भाजण्याची युक्ती कुणी सांगितली तर त्याच्याबरोबर रेंजवर शेजारी उभं राहू नका.

उभी भेग मानेवर नसून धडावर असेल तर प्रकरण वेगळं. एकच असेल तर पितळातला दोष असू शकतो. वारंवार तशाच जागी दिसली तर चेंबर बंदुकसाजाकडून तपासून घ्या. आणि भेग तळात उतरलेली असेल तर त्या गठ्ठ्यातलं एकही काडतूस झाडू नका.

५. तळाजवळची आडवी रेघ

इथे जरा थांबून वाचा, कारण नवख्यांचं खरं नुकसान याच जागी होतं.

काडतूस चेंबरमध्ये थोडं सैल बसलं आहे असं धरा. फायरिंग पिन त्याला पुढे ढकलते. दाब वाढतो तशा पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात. तळ मात्र जाड, तो फुगत नाही. तो मागे बोल्टकडे सरकतो. पुढचा भाग अडकलेला, मागचा सरकतोय, तेव्हा ताणलं जातं ते मधलं पितळ : जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते तिथलं. दर वेळी थोडं थोडं ताणून तिथे आतून खाच पडते. बाहेर एक चकचकीत, बारीक, गोलाकार रेघ उमटते. पुढची पायरी म्हणजे त्या रेघेवर तडा, आणि त्यापुढची म्हणजे पुंगळीचे दोन तुकडे : तळ बाहेर, धड चेंबरमध्येच.

घोळ असा की सायझिंग डायच्या तोंडाशीही पुंगळीवर एक चकचकीत पट्टा उमटतो, आणि तो निरुपद्रवी असतो. नवखा एकतर त्याला घाबरून चांगल्या पुंगळ्या फेकतो, नाहीतर खऱ्या रेघेला डायचा पट्टा समजून सोडून देतो. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तार घ्या.

वाकवलेलं टोक आत तळापर्यंत न्या, भिंतीला हलकं टेकवून सावकाश वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक तळाच्या गोलाईवरून सरळ घसरत वर येतं, कुठेही अडत नाही. ताणलेल्या पुंगळीत तळापासून थोडं वर आल्यावर टोक टचकन एका खाचेत पडतं, आणि बाहेर काढायला किंचित जोर लागतो. पुंगळी थोडी फिरवून पुन्हा ओढा, कारण खाच सगळीकडे सारखी खोल नसते. हाताला हे कळायला लागलं की एक खोकं तपासायला फार वेळ लागत नाही.

पहिल्यांदा शंका आली की एक संशयित पुंगळी बळी द्या. मऊ जबड्यांच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून करवतीने उभी चिरा, कापलेली कड कानशीने साफ करा आणि भिंगातून बघा. तळाचं जाड पितळ वर येता येता हळूहळू पातळ व्हायला हवं. त्या उतारात मध्येच बारीक खळी दिसली तर तीच ती खाच. शेजारी एक नवी पुंगळी चिरून ठेवली तर फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

खाच सापडलेली पुंगळी वाचवता येत नाही. ॲनिलिंगने नाही, कशानेच नाही. आणि एक सापडली तर तिच्यासोबत तितक्याच वेळा भरलेल्या सगळ्या तपासायच्या.

६. कारण बहुतेकदा डाय असते

आडवी रेघ दिसली की लोक रायफलकडे बोट दाखवतात. रायफलचा दोष असतोही कधीकधी. पण बोल्ट रायफलमध्ये बहुतेक वेळा सायझिंग डाय गरजेपेक्षा खाली लावलेली असते. डायच्या खोक्यातल्या कागदावर अनेकदा लिहिलेलं असतं : शेलहोल्डरला (पुंगळीचा तळ धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत डाय खाली घ्या आणि आणखी थोडी फिरवा. तसं केलं की पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये बसेल, हे खरं. पण तुमच्या रायफलच्या चेंबरपेक्षा खांदा बराच मागे जातो आणि प्रत्येक फेरीत पितळ तेवढं ताणलं जातं.

योग्य पद्धत अशी :

आपल्याच रायफलमध्ये झाडलेली पुंगळी घ्या, शक्यतो दोन-तीनदा झाडलेली, कारण एकदाच झाडलेली कधीकधी चेंबर पूर्ण भरत नाही. प्रायमर काढून टाका, कारण त्याचा उंचवटा माप चुकवतो. कम्पॅरेटरने तळापासून खांद्यापर्यंतचं माप घेऊन वहीत लिहा.

डाय मुद्दाम वर लावून वंगण लावलेली पुंगळी आत घाला आणि पुन्हा मोजा. माप वाढलेलं दिसेल. घाबरू नका, डाय पुंगळीचं धड आवळते तेव्हा पितळ वर सरकतं आणि खांदा आधी पुढे येतो. आता डाय थोडी थोडी खाली घेत जा. नेहमीच्या डायला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा सुमारे ०.०७१ इंच. मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढी डाय फिरवली की एक हजारांश इंचाहून किंचित जास्त. यावरून किती हलक्या हाताने फिरवायची ते कळेल.

झाडलेल्या मापापेक्षा खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की थांबा आणि लॉक रिंग आवळा. स्वयंचलित भरणीच्या रायफलला थोडी जास्त मोकळीक लागते, ०.००३ ते ०.००५. पहिल्या काही पुंगळ्या रायफलमध्ये घालून बोल्ट सहज बंद होतो ना ते बघा. हे सगळं रिकाम्या पुंगळ्यांवर करायचं, भरलेल्या काडतुसावर नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या पट्टेवाल्या (तळाजवळ उठावदार कडं असलेल्या) काडतुसाचा हेडस्पेस कागदोपत्री पट्ट्यावर धरला जातो, त्यामुळे खांदा किती मागे गेला याकडे लक्षच जात नाही. मग पुंगळ्या तुटतात त्या पट्ट्याच्या जरा वर. दुसरी .३०३. भारतात पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली ली-एन्फील्ड ती हीच. तिचं चेंबर चिखल-धुळीतही चालावं म्हणून ऐसपैस केलेलं, आणि काडतूस मागच्या काठावर टेकतं. पूर्ण आकाराची डाय खालपर्यंत दाबलीत तर तिच्या पुंगळ्या थोड्याच फेऱ्यांत तुटतात. त्या रायफलसाठी पहिल्या झाडणीनंतर फक्त मान आवळलेली बरी.

७. तळ आणि प्रायमर : दाबाची भाषा

चपटा प्रायमर दिसला की ‘दाब जास्त’ असं सगळेच म्हणतात. एकट्या चपट्या प्रायमरवर मी निकाल देत नाही. काही प्रायमरची वाटी मऊच असते. हेडस्पेस जास्त असेल तर प्रायमर आधी मागे येतो आणि मग तळ मागे आल्यावर पुन्हा आत दाबला जाऊन चपटतो. पिनच्या खुणेभोवती कडा वर आली असेल तर पिनचं छिद्र मोठं असण्याचीही शक्यता असते. प्रायमर तळाबाहेर आलेला राहिला असेल, तर दाब कमी आणि हेडस्पेस जास्त, अशी उलटीच जोडी असू शकते.

पण खालचं काही दिसलं तर वाद घालायचा नाही, झाडणं तिथेच थांबवायचं :

- तळावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या बोल्टमधल्या पिनच्या) छिद्राचा चकचकीत गोल ठसा. पितळ त्या छिद्रात वाहून गेलं आहे.
- बोल्ट उचलायला जोर लागणं.
- प्रायमरला आरपार छिद्र, किंवा त्याच्याभोवती काळी काजळी.
- नवा प्रायमर खळग्यात बोटाच्या जोराने सहज सरकणं. खळगा पसरला, पुंगळी बाद.

उरलेली काडतुसं घरी आणून बुलेट-पुलरने उघडा. तराजू तपासा, पावडरचा डबा तोच आहे ना बघा, आणि पुंगळ्यांची लांबी मोजा. .३०८ची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम करायची २.००५ला. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि बुलेटला चिमटीत धरतं. पावडर बरोबर असूनही दाब उसळतो. भरणी मोजण्यात गुंतलेला माणूस ही लांबी मोजायला हमखास विसरतो.

८. किरकोळ दोष

खांद्यावर गुळगुळीत खळगी : वंगण जास्त झालं, ते डायमध्ये साचलं. छोटी असेल तर पुढच्या झाडणीत निघून जाते. खांदा बसलेला किंवा सुरकुतलेला : बुलेट बसवायची डाय फार खाली आहे, किंवा क्रिम्प करताना (बुलेटवर तोंड आवळताना) पुंगळ्यांची लांबी कमीजास्त होती. बाद. मानेवर बाहेरून काजळी : बहुतेक वेळा दाब कमी, कधी मान कडक झालेली, एवढ्यावरून पुंगळी फेकायची गरज नाही.

९. रेंजवर पुंगळी तुटलीच तर

बोल्ट मागे ओढला आणि हातात नुसता तळ आला, तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवा आणि पुढचं काडतूस आत ढकलू नका. ते अर्धवट शिरून अडकेल. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. अडकलेलं धड काढायला त्या त्या काडतुसासाठी खास एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो थैलीत असावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर चेंबरवर ओरखडे पडतात आणि मग प्रत्येक पुंगळी तिथे अडते. त्या दिवशी त्या गठ्ठ्यातलं दुसरं काडतूस झाडायचं नाही.

१०. वही आणि भंगाराचा डबा

प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावा : कुठली पुंगळी, कोणत्या रायफलची, कितव्यांदा भरली, शेवटची ट्रिम आणि ॲनिलिंग कधी. चीर सापडली की तिची जागा आणि दिशा वहीत लिहा, जमल्यास फोटो काढा.

बाद पुंगळी नुसती बाजूला ठेवू नका. पक्कडने तिचं तोंड चेपून टाका आणि मगच डब्यात टाका. न चेपलेली पुंगळी टेबल आवरताना कुणीतरी ‘अरे, ही खाली पडली होती’ म्हणून परत चांगल्या खोक्यात घालतं. डबा भरला की पितळ भंगारवाल्याला विकता येतं. काही ठिकाणी त्यांना प्रायमर काढलेल्याच पुंगळ्या चालतात, तेव्हा जायच्या आधी फोन करून विचारा.